थंडीनं बॅटरी मारली म्हणे

किल्ली फिरवली नी टक. परत फिरवली, टक टक टक टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे जत्रा उठल्यावर शेवटच्या दुकानातली माळ मिणमिणावी तसे मिणमिणले आणि विझले. डिसेंबरचा शेवटचा रविवार, सकाळचे पावणेसात, जांबोटीच्या पलीकडं आमच्या आत्याचं गाव. धुकं एवढं की अंगणातलं फणसाचं झाड दिसत नव्हतं, मोबाईल ११ डिग्री दाखवालता आणि बायको बॅग घेऊन पायरीवर उभी, कारण तिला बेळगावातनं हुबळीची ट्रेन पकडायची होती. शुक्रवारी संध्याकाळी अंगणात गाडी लावली ती लावली, त्यानंतर तिला हात लावला नव्हता.

आत्या चुलीपासनं उठून बाहेर आली. "काय झालंय रे तिला? परवा तर बरी होती की."

"सेल्फ घेईना झालीय."

"थंडी लागली असंल."

आत्या गमतीनं म्हणाली खरं मी ते वाक्य डोक्यात धरलं आणि पुढचे दोन-तीन आठवडे भेटेल त्याला थंडीनं माझी बॅटरी मारली असं सांगत सुटलो. ते तसं नव्हतं. कसं होतं ते कळायला मला एक नवी बॅटरी, एक मल्टिमीटरचा, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायच्या मीटरचा, फ्यूज आणि बऱ्यापैकी झोप खर्च करावी लागली, म्हणून हे सगळं लिहून ठेवालोय.

गावात गाडी बंद पडली की माणसं धुक्यातनं उगवतात. पाच मिनिटांत सातजण, आणि सातांची सात मतं. पहिलं मत अर्थातच धक्का मारूया. मारला. दुसरा गिअर टाकून शेताकडच्या उतारावर सोडली, क्लच सोडला, गाडी दोन आचके देऊन थांबली. परत वर ढकलत आणली, परत तेच. जुन्या गाड्या धक्क्यावर सुरू व्हायच्या, आताच्या पेट्रोल गाड्याही होतात, खरं बॅटरीत थोडा तरी जीव पाहिजे, कारण पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर, सगळं करंटवर चालतंय आणि दिवेच लागत नसतील तर इंजिन फिरवून उपयोग काय, आत पेट्रोलच पोचत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर सात माणसांचा घाम वाचला असता. थंडीत घाम आला ते एक बरं झालं म्हणा.

तेवढ्यात रस्त्यावर विटांची लॉरी थांबली. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला माझ्या बॅटरीवरनं चालू करून देतो, वायर आणा. मी आनंदानं हो म्हणणार एवढ्यात मामा मध्ये पडले. मामा म्हणजे आत्याचे मिस्टर, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, कमी बोलतात आणि बोलले की ऑर्डरच असते. म्हणाले, "लॉरी चोवीस व्होल्टची आहे. तुझी बाराची. लावायचं नाही." मोठ्या लॉरीत बाराच्या दोन बॅटऱ्या एकीपुढं एक जोडलेल्या असतात, त्यामुळं चोवीस. तो करंट छोट्या गाडीत सोडला असता तर ईसीयू, म्युझिक सिस्टीम, काय काय जळलं असतं देव जाणे. सात मतं देणाऱ्यांपैकी हे कुणालाच सुचलं नव्हतं, मला तर नाहीच नाही.

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मात्र बाराचा. त्यांनी तो आणून बॉनेटला बॉनेट लावला. राहिला प्रश्न वायरचा, तर गावातल्या ग्रिलचं काम करणाऱ्या पोराकडं वेल्डिंगच्या केबलचे दोन तुकडे क्लिपा लावून तयारच होते. हे महत्त्वाचं आहे, कारण इंजिन फिरवताना स्टार्टर शंभर-दीडशे अँपियर सहज खेचतो आणि घरातल्या लाइटच्या वायरनं जंप करायला गेलं तर वायर वितळते, गाडी तशीच राहते.

जोडायचा क्रम मामांनी सांगितला आणि मी पाठ केला. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीवर नाही, तर लांब इंजिनच्या उघड्या लोखंडावर. शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच आणि बॅटरीच्या डोक्यावर हायड्रोजन साठलेला असू शकतो, म्हणून ती ठिणगी लांब उडवायची. तिथं उभा असलेल्या एका काकांच्या तोंडात बिडी होती, मामांनी नुसतं बघितलं, काका बिडी घेऊन फणसाच्या झाडापर्यंत मागं गेले. ट्रॅक्टर पाच-सात मिनिटं चालू ठेवला, मग मी किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू. काढताना उलट्या क्रमानं.

तवर आठ वाजत आले होते. बायकोचा माझ्या गाडीवरचा विश्वास उडालेला, ती कणकुंबीकडनं आलेल्या लाल बसमध्ये बसून गेली सुद्धा. संध्याकाळी हुबळीहून फोनवर एवढंच म्हणाली, "बस सेल्फवर चालू झाली हं."

आत्यानं चहा केल्याशिवाय सोडलं नाही, गाडी अंगणात घुरघुरत ठेवून आम्ही प्यालो. मामा तेव्हा खुलले. लडाखला होते तेव्हा रात्री गाडीची बॅटरी काढून आत बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, खोलीत ठेवायचे आणि सकाळी परत बसवायचे म्हणे, नाहीतर दर काही तासांनी माणूस उठून इंजिन चालू करून यायचा. "तिथं डाऊन झालेली बॅटरी गोठून फुटते, भरलेली फुटत नाही," म्हणाले. मी नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ॲसिड दाट असतं, ते उणे साठ वगैरेला गोठतं, आणि रिकाम्या बॅटरीत आत जवळजवळ पाणीच राहतं, ते शून्याखाली थोड्याच डिग्रींवर गोठायला लागतं. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नसतो, ती फुटू शकते. बेळगाव-खानापूर भागात बॅटरी गोठायची वेळ कधी येणार नाही. मामांच्या मते ११ डिग्री म्हणजे थंडीच नव्हे. ते स्वेटर न घालता बसले होते.

कुसमळी, किणये, पिरनवाडी करत तासाभरानं घरी आलो, वाटेत कुठं इंजिन बंद केलं नाही. मला वाटलं तासभर चाललीय म्हणजे झाली चार्ज. दुपारी परत किल्ली फिरवली. टक.

इथं माझ्या एका मित्राची एन्ट्री. तो उद्यमबागच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे आणि त्याच्याकडं चार अँपियरचा चार्जर आहे. त्यानं पहिलं मल्टिमीटर लावलं, ११.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी काही न चालवता तास-दोन तास ठेवली की १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तळ. म्हणाला, "तासाभरात इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर तळ गाठलेली बॅटरी भरत नाही रे, तिला रात्रभर पाहिजे." त्याचा हिशेब सोपा आहे, जेवढे एएच, म्हणजे बॅटरीत मावणारे अँपियर-तास, त्याच्या दहाव्या भागाएवढ्या अँपियरनं चार्ज करायचं. माझी ३५ एएचची, म्हणजे साडेतीन-चार अँपियर, दहा-बारा तास. दुकानात दोन तासांत बूस्ट करून देतात ते घाईच्या वेळी ठीक आहे, खरं त्यानं प्लेटा तापतात.

बॅटरी काढायला दहा नंबरचा पाना पुरला. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर शॉर्ट, कारण बॉडी म्हणजेच मायनस. प्लसच्या टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशी धरावी तसा थर होता, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं घासला, फसफसून गेला.

व्हरांड्यात, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, स्टुलावर बॅटरी मांडली. क्लिपा लावून झाल्यावर मगच प्लग चालू करायचा, आणि काढताना आधी प्लग बंद करून मग क्लिपा, त्याच ठिणगीच्या भीतीनं. आई मधूनमधून येऊन बघून जायची, एकदा विचारलं, हिला पांघरूण घालायचं काय? तो प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. थंड बॅटरी करंट आत घ्यायला कुचराई करते, आतलं रसायनच सुस्त झालेलं असतंय, त्यामुळं तिला चार्जिंगचा व्होल्ट थोडा चढा लागतो, दर डिग्रीमागं साधारण ०.०२ व्होल्ट. म्हणजे २५ डिग्रीला १४.४ लागत असतील तर १० डिग्रीला १४.७. चांगले चार्जर हे स्वतः सांभाळतात, मित्राचा बिचारा साधा होता. मी बॅटरी रात्री अंगणात न ठेवता व्हरांड्यात घेतली तेवढंच. पांघरूण घातलं नाही, गॅस साठला असता.

बसल्या बसल्या मोबाईलवर वाचत होतो तर कळलं की ही शिसं-ॲसिडची बॅटरी १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं काढली. १८५९! आणि गाडीला सेल्फ आला तो १९१२ च्या कॅडिलॅकला, त्याआधी हँडल मारायचे. आमचे आजोबा लॉरीला हँडल मारताना मनगट मोडून घेतलेल्या एका क्लीनरची गोष्ट सांगायचे. म्हणजे माझ्या गाडीत टचस्क्रीन आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे, आणि हे सगळं उठवणारी वस्तू दीडशे वर्षांपेक्षा जुन्या आयडियावर चाललीय.

सकाळी चार्जर काढला तेव्हा १२.४. मी खूश. मित्र म्हणाला थांब, संध्याकाळी बघूया. संध्याकाळी १०.५. तो हसला आणि म्हणाला, "एक सेल गेला." बाराच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडं वर. एक मेला की पाचांचं मिळून साडेदहा. त्यावर कितीही चार्जर लावा, काय उपयोग नाही. गंमत म्हणजे बॅटरीवरचा तो गोल काचेचा डोळा मजेत हिरवा दिसत होता, आणि मी वर्षभर तो हिरवा बघून निश्चिंत होतो. तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बघतो म्हणे. बाकीचे पाच त्याला दिसत नाहीत.

बॅटरीच्या दुकानात नेली, तिथल्या पोरानं टेस्टरच्या दोन क्लिपा लावल्या आणि स्क्रीनकडं न बघताच म्हणाला, "ब्याट्री होगैत्री सर." मी म्हटलं थंडीनं गेली ना? मालक काउंटरवरनं म्हणाले, "थंडीनं नाही ओ. एप्रिलमध्येच गेली होती, आता कळालं तुम्हाला." मला आधी तो विकायचा डायलॉग वाटला, खरं माणूस बरोबर बोलत होता. बॅटरीला मारतो तो उन्हाळा. आपल्याकडं एप्रिलला पारा ३६-३७ ला जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, त्यानं आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. साधारण हिशेब असा की २५ डिग्रीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. तरी उन्हाळ्यात ती गाडी उचलत राहते, कारण इंजिन ऑइल पातळ असतं आणि बॅटरीचं रसायन गरमीत जोरात असतं. डिसेंबरात ऑइल दाट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची ताकद दहा टक्क्यांनी वगैरे घटते. निरोगी बॅटरीला तेवढं जाणवतही नाही. अर्धमेलीचं पितळ उघडं पडतं.

त्यात माझं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे टिळकवाडी ते उद्यमबाग, तीन किलोमीटर, तेही थर्ड गेटच्या गर्दीत हेडलाइट, वायपर, फॅन, गाणी लावून. सकाळी स्टार्ट करताना गेलेलं परत भरायच्या आत ऑफिस येतंय. वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसून घट्ट होतो, मग जेवायला वाढलं तरी ती खाऊ शकत नाही. मी तिला पाच वर्षं अर्धपोटी ठेवलं होतं. पाच वर्षं चालली हेच नशीब.

नवी घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे प्लस डावीकडं का उजवीकडं, कारण त्याच साइजच्या दोन्ही तऱ्हेच्या मिळतात आणि उलटी आणली तर वायर पोचत नाही, किंवा ताणून पोचली तर अजून वाईट. दुसरं म्हणजे बनल्याची तारीख. दुकानात पडून असलेली बॅटरीसुद्धा स्वतःच उतरत असते, आठ महिने जुनी नवी बॅटरी ही नवी नव्हे. पोरानं पहिली काढली ती मार्चची होती, मी मालकांकडं बघितलं, त्यांनी पोराकडं, मग आतनं नोव्हेंबरची आली. जुनी तिथंच दिली, तिचे पैसे वजा झाले, आणि द्यायलाच पाहिजे कारण आत शिसं आहे, २०२२ च्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलला पोचवायची जबाबदारी कंपन्यांवरच आहे. बसवताना आधी प्लस मग मायनस, वर पेट्रोलियम जेलीचं बोट. खालची पट्टी पोरानं बसवलीच नव्हती, मी घरी येऊन आवळली. आपल्या रस्त्यांवर बॅटरी मोकळी ठेवली तर खड्ड्यातच प्लेटा गळून पडतील. गाडीचं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवालतं आणि ड्रायव्हर साइडची काच आपोआप वर जायची बंद झाली, ती बटण धरून एकदा पूर्ण खाली-वर केल्यावर शिकली परत.

इथं पोस्ट संपायला हवी होती.

संक्रांतीच्या आधी मला ताप आला, चार दिवस गाडी घरासमोर उभी. पाचव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. टक. नवी बॅटरी, अडीच-तीन आठवड्यांची. मी तिथंच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. दुकानात फोन करून तावातावानं बोललो, मालक शांतपणे म्हणाले, घेऊन या, वॉरंटीत आहे, खरं आधी गाडी काय खातीय का बघा.

परत मित्र, परत मल्टिमीटर. ह्या वेळी बॅटरी चार्ज करून बसवली, मग मायनसची वायर सोडवून मीटर मध्ये जोडायचा दहा अँपियरवर ठेवून, आणि सगळं बंद करून, दारं लॉक करून थांबायचं. अर्धा तास तरी थांबावं लागतं, कारण लॉक केल्यावरही गाडीतले कंप्युटर लगेच झोपत नाहीत. मध्येच मी शहाणपणानं किल्ली ऑन केली काहीतरी बघायला, मीटरचा फ्यूज गेला, मित्र काही बोलला नाही, नवीन फ्यूज टाकला. झोपलेली गाडी ५० मिलिअँपियरच्या आत असावी. माझी २८० दाखवालती.

२८० ऐकायला किरकोळ वाटतं. खरं ०.२८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला पावणेसात एएच. चार दिवसांत सत्तावीस, बॅटरी ३५ ची. उरलं काय? मग एकेक फ्यूज उपटत गेलो आणि एका फ्यूजला आकडा धप्पकन ३० वर आला.

डॅशकॅम. दिवाळीत हौसेनं बसवलेला. ॲक्सेसरीच्या दुकानातल्या माणसानं पार्किंगमध्येही रेकॉर्ड होईल म्हणून थेट कायमच्या लाइनवर जोडून दिलेला. व्होल्ट ठरावीक खाली गेला की कॅमेरा आपोआप बंद करणारी एक छोटी किट मध्ये घालतात, ती घातलीच नव्हती, आणि मला असं काही असतं हे माहीत नव्हतं म्हणून मी विचारलं नव्हतं. म्हणजे दिवाळीपासनं रोज रात्री माझी गाडी दारासमोरची गल्ली शूट करत होती आणि त्याचं बिल बॅटरी भरत होती. जुनीचा सेल कधीतरी जाणारच होता, तो मालक म्हणतात तसा उन्हाळ्याचा हिशेब, खरं आत्याच्या अंगणात तिला शेवटचा धक्का ह्यानं दिला.

आता तो किल्लीवरच्या लाइनला जोडलाय, गाडी बंद तर तो बंद. चार्जर स्वतःचा घेतलाय, महिन्यातनं एकदा रात्रभर लावतो, आणि रविवारी येळ्ळूरहून राजहंसगडापर्यंत एक चक्कर मारतो, मुलीला वाटतं तिच्यासाठी. डिकीत जाड जंपर केबल आहे. दुकानदारांना फोन करून सॉरी म्हटलं, ते म्हणाले असुदे.

कॅमेऱ्याचं कार्ड काढून परवा कंप्युटरला लावलं, म्हटलं नक्की काय एवढं रेकॉर्ड केलं ते तरी बघूया. आत्याच्या अंगणातले दोन्ही रात्रींचे तुकडे त्यात आहेत. पहिल्या रात्री काही नाही, धुकं, आणि एकदा मामा पहाटे चारला बॅटरी हातात घेऊन, म्हणजे टॉर्च, गोठ्याकडं जाताना. दुसऱ्या रात्री आत्याचं मांजर येतंय, बॉनेटवर चढून काचेला टेकून गोल होऊन झोपतंय, सगळ्या स्क्रीनभर नुसती पाठ, ती श्वासाबरोबर वर-खाली होताना दिसते. ते असं तासन् तास चाललंय. ३ वाजून १२ मिनिटांनी रेकॉर्डिंग तुटतं.